संस्थानी मोटारींचा जीर्णोद्धार

१८८६ साली इंग्रज सरकारने ग्वाल्हेरचा किल्ला शिंदे सरकारांस परत केला व त्याच्या मोबदल्यात झाशी शहर आपल्या ताब्यात घेतले, तेव्हापासून ही दोन शहरे दोन निरनिराळ्या अमलांखाली गेली. तथापि त्यांमधील अंतर सुमारे शंभर किलोमीटरांचे, आणि नेवाळकरांच्या सुभेदारीपासून झाशीस वसलेल्या मराठी मंडळींना ग्वाल्हेरचे लष्कर परके असे कधी वाटले नाही. पुढे थोड्याच वर्षांत लोहमार्ग आला, इंडियन मिडलंड रेल्वेने झाशीस आपले मोठे ठाणे केले, आणि १८९५ साली तेथे रेल्वेचा कारखाना उभा राहिला. तळचा सांगाडा, धुरा व चाके शाबूत असली म्हणजे वरचे गंजलेले पत्रे उतरवून त्याच सांगाड्यावर वाघिणीचे नवे अंग चढवावयाचे, ही विद्या तेथल्या कारागिरांच्या नित्य परिचयाची आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत जुन्या प्रवासी डब्यांचे नवीकरण करणाऱ्या आणखी एका कारखान्याची कोनशिलाही झाशीसच बसली. संस्थानी मोटारींच्या जीर्णोद्धाराविषयी लिहावयाचे तर आरंभ झाशीपासून करावा असे मला वाटते, ते दोन कारणांनी. मुंबई बंदरात बोटीतून उतरलेली विलायती मोटार ग्वाल्हेरास न्यावयाची, तर लोहमार्ग इटारसी, भोपाळ आणि झाशी असाच होता. आणि सांगाडा व अंग ह्या दोन भिन्न वस्तू असून त्यांचे आयुष्यही भिन्न असते, ही गोष्ट ज्या गावास समजावून सांगावी लागत नाही असे हे गाव आहे.

ग्वाल्हेरचे माधवराव महाराज शिंदे हे यंत्रविद्येचे विलक्षण भोक्ते होते. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी संस्थानची रेल्वे आणि जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर पेयपात्रे घेऊन फिरणारी चांदीची आगगाडी ह्या दोहोंच्या मुळाशी एकच कुतूहल होते. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक कठीण चाचणी झाली. तीत रोल्स रॉइस कंपनीची चाळीस-पन्नास अश्वशक्तीची, ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ह्या नावाने ओळखली जाणारी मोटार उतरली होती. घाटांची चढण, धुळीचे रस्ते आणि वाटेतील पाण्याचे ओढे ह्यांपायी त्या काळच्या यंत्रांची काय अवस्था होत असे ते ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हे सांगावयास नको की, ती चाचणी यशस्वीपणे पार पाडणे ही गोष्ट कंपनीच्या दृष्टीने कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक मोलाची होती. त्यानंतर ती मोटार ग्वाल्हेर दरबारने खरेदी केली, आणि हिंदुस्थानातील संस्थानिकांच्या मनात त्या कंपनीविषयी जो विश्वास बसला तो पुढे चाळीस वर्षे टिकला.

येथे एक गोष्ट आधी स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण तिच्यावाचून पुढील विवेचन समजणार नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स रॉइस कंपनी आपल्या गिऱ्हाइकास पूर्ण मोटार विकीतच नसे. ती विकीत असे तो केवळ चालता सांगाडा: पोलादी चौकट, तीवर इंजिन, दंतचक्रांची पेटी, चाके, सुकाणू, पुढील रेडिएटर आणि त्यामागची यंत्रे झाकणारी उभी भिंत. ह्या सांगाड्यास चॅसिस म्हणतात, हे आजच्या वाचकास सांगावयास नको. बसावयाची जागा, दरवाजे, छप्पर, काचा, मखमल, रंग हा सारा सरंजाम दुसऱ्या एखाद्या बग्गी बांधणाऱ्या पेढीकडून गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीप्रमाणे करून घ्यावयाचा. लंडनच्या बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली, गर्नी नटिंग ह्या त्यांतील नामांकित पेढ्या. बार्कर तर अठराव्या शतकाच्या आरंभापासून घोड्यांच्या गाड्या बांधीत आलेली. आपल्याकडेही मद्रासची सिंप्सन कंपनी १८४० पासून ह्याच धंद्यात होती. ही पद्धत आज अपरिचित वाटेल, परंतु ती सर्वस्वी लुप्त झालेली नाही. झाशी-कानपूर रस्त्यावर मालमोटारीचा उघडा सांगाडा घेऊन, डोक्याला उपरणे गुंडाळून, फळीवर बसलेला चालक बॉडी बांधणाऱ्याच्या वखारीकडे निघालेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी १९१० सालचा रोल्स रॉइसचा व्यवहार डोळ्यांनी पाहिला आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

सांगाडा एकाचा आणि अंग दुसऱ्याचे, अशी मूळचीच व्यवस्था असल्यामुळे अंग बदलणे ह्यात कोणास काही वावगे वाटत नसे. पोलादी चौकट व इंजिन पन्नास वर्षे टिकावयाचे; लाकूड आणि कातडे पंधरा वर्षांत शिणावयाचे; आणि अभिरुची तर त्याहूनही लवकर पालटावयाची. हिंदुस्थानी संस्थानांत ह्याला आणखी एक कारण होते. मराठी राज्यव्यवस्थेत पागा, पीलखाना, शिकारखाना, फरासखाना असे निरनिराळे कारखाने आणि प्रत्येकाचा दरोगा व जमाखर्च वेगळा असे. मोटारी आल्यावर मोटारखाना हा त्या मालिकेतील नवा कारखाना ठरला. एखादी मोटार प्रथम दरबारी स्वारीसाठी येई, काही वर्षांनी तिचे छप्पर उतरवून बंदुका ठेवण्याच्या खाचा व शोधदिवे बसवून ती शिकारखान्याकडे वर्ग होई, कधी पडदे लावून जनानखान्याच्या सेवेस लागे. ह्या प्रत्येक फेरबदलाची नोंद हुजुरांच्या हुकमाने खासगीच्या दप्तरी व्हावयाची. आणि मला पुढे जे सांगावयाचे आहे ते सर्व ह्या नोंदीभोवतीच फिरते.

महाराष्ट्रातील कितीतरी देवळांत गाभारा यादवकालीन दगडी आणि त्यापुढचा सभामंडप पेशवाईतला लाकडी असतो, परंतु म्हणून ते देऊळ खोटे आहे असे कोणी म्हणत नाही. उलट कोणत्या सरदाराने कोणत्या शकात मंडप बांधला हे शिलालेखावरून सांगता आले तर देवळाचे महत्त्व वाढते. मोटारीचे नेमके तसेच आहे. जीर्णोद्धार करणाऱ्याने मूळ कोणते व जोडलेले कोणते हे जाणावे, आणि जोडलेले असेल ते केव्हाचे व कोणाच्या आज्ञेने, हेही जाणावे. माधवराव महाराजांच्याच चरित्रातील एक उदाहरण मोटारीबाहेरचे असूनही येथे नमूद करण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी ‘लॉयल्टी’ नावाचे इस्पितळ-जहाज सज्ज करण्यात महाराजांचा पुढाकार होता. ते जहाज मूळचे कॅनडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, १८९१ सालचे उतारूंचे जहाज. आणि युद्ध संपल्यावर तेच सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने घेऊन ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून विलायतेस रवाना केले, ज्या दिवसाच्या स्मरणार्थ आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. तीन मालक, तीन कार्ये, दोन नावे, आणि तळ एकच.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जुनी मोटार कारखान्यात आली म्हणजे अननुभवी माणूस प्रथम इंजिन चालू करून पाहतो. जाणता कारागीर प्रथम कंदील घेऊन गाडीखाली जातो. चौकटीच्या दोन्ही पोलादी तुळयांवर अंग जखडण्यासाठी छिद्रे असतात. मूळ कारखान्याने नेमून दिलेल्या जागा सोडून अन्यत्र छिद्रे आढळली, त्यांत बोल्ट नसले आणि त्यांच्या कडांवर जुना गंज असला, तर त्या सांगाड्यावर ह्यापूर्वी दुसरे अंग होते असे समजावे. नंतर बैठकीच्या फळ्या उचलून त्यांची खालची बाजू पाहावी, दरवाजाच्या आतील अस्तर सोडवून लाकडी चौकट पाहावी, बिजागऱ्यांची पाठ पाहावी: बग्गी बांधणाऱ्या पेढ्या आपल्या अंगाचा अनुक्रमांक अशा झाकलेल्या जागी ठोकीत, आणि कधी सुताराने शिसपेन्सिलीने लिहिलेला आकडा आजही वाचता येतो. छपराच्या कडेला मोळ्यांच्या छिद्रांच्या दोन रांगा असल्या तर कापड एकदा बदललेले आहे. तीन असल्या तर दोनदा. रंगाची परीक्षा ह्याहूनही उद्बोधक. एखाद्या आडजागी, मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात, बारीक काचकागदाने रुपयाएवढी जागा तिरपी घासली म्हणजे एकावर एक चढविलेल्या रंगांची वलये दिसू लागतात. बाहेरून काळी दिसणारी मोटार आत हिरवी, त्याखाली पिवळट पांढरी आणि सर्वांत तळाशी राखी अस्तराची असल्याचे ह्या एका वर्तुळात उघड होते, आणि तो पुरावा मालकाच्या घराण्यातील आठवणींपेक्षा कितीतरी अधिक भरवशाचा असतो. हे सर्व छायाचित्रांसह टिपून घेतल्याशिवाय एकही खिळा उपटू नये.

लाकडाचा प्रश्न मोठा आहे. विलायती पेढ्या अंगाचा सापळा ॲश नावाच्या लाकडाचा करीत, कारण ते चिवट असून धक्के सोसते, वाफेवर वाकविता येते आणि त्यात खिळा घट्ट बसतो. परंतु लंडनच्या दमट हवेत मुरविलेले हे लाकूड बुंदेलखंडात आले, म्हणजे मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांच्या उष्म्यात व लूमध्ये ते आकसे, आषाढात पुन्हा फुगे, आणि असे दहा-पंधरा उन्हाळे-पावसाळे गेले की कुसू खाचेत सैल होऊन दरवाजे लोंबू लागत, खड्ड्यातून जाताना सारे अंग करकरू लागे. पुढचे काम वाळवी करी. म्हणून हिंदुस्थानातील दुरुस्तीत जागोजाग सागवान सापडते, आणि ते सापडले की पुष्कळ तज्ज्ञ नाके मुरडतात; मला त्यांचे म्हणणे पटत नाही. सागवानात स्वतःचे तेल असते, वाळवी त्याला सहसा शिवत नाही, उन्हापावसात त्याचा आकार फारसा बदलत नाही. धक्का सोसण्यात व वाकण्यात ते ॲशची बरोबरी करीत नाही हे खरे, म्हणून छपराच्या कमानीस ते योग्य नव्हे. परंतु तळच्या पट्ट्यांस आणि खांबांस तेथल्या सुतारांनी ते वापरले ते समजून-उमजून वापरले. असा जुना सागवानी खांब निघाला तर तो फेकून त्या जागी नवे विलायती लाकूड बसविणे म्हणजे त्या मोटारीच्या हिंदुस्थानातील आयुष्याची साक्ष पुसून टाकणे होय.

सापळा तयार झाला की त्यावर पत्रा चढतो. हा पत्रा बहुधा अल्युमिनियमचा. वाळूने भरलेल्या कातडी पिशवीवर लाकडी हातोडीने ठोकून त्यास प्रथम ढोबळ खोलगटपणा द्यावयाचा, मग एक मोठे सपाट व एक लहान फुगीर अशा दोन लोखंडी चाकांमधून तो पुढेमागे फिरवीत ठोक्यांच्या खुणा नाहीशा करावयाच्या. मडगार्डची एकच वक्र रेषा साधावयास कुशल माणसाचा दिवस जातो, कारण ताणलेला पत्रा पुन्हा आकसविणे ताणण्याच्या मानाने फार कठीण. पत्र्याची कड लाकडावर दुमडून बसवितात. तेथे लोखंडी स्क्रू वापरले तर ओलसर हवेत लोखंड व अल्युमिनियम ह्यांच्यामध्ये सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होऊन पत्र्याची पांढरी भुकटी होते. जुन्या अंगांचे खालचे काठ खाल्लेले दिसतात ते बहुधा ह्यामुळे. जुन्या बग्ग्यांना अस्तर, रंग आणि वार्निश मिळून वीस-पंचवीस थर देत आणि प्रत्येक थर घासून गुळगुळीत करीत. आजच्या भट्टीतील रंगाची चकाकी अधिक असते, पण तिची जात निराळी, आणि सवय झालेल्या डोळ्यास ती पाच पावलांवरून ओळखू येते.

इंजिनाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याची विद्या अधिक सर्वपरिचित आहे. रोल्स रॉइसच्या त्या चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या इंजिनास तीन-तीनच्या दोन ओतीव ठोकळ्यांत मिळून सहा सिलिंडर, एकूण आकारमान आरंभी ७,०३६ घन सेंटिमीटर, मुख्य दांड्यास सात आधार. ठोकळा आणि त्याचे डोके एकसंध ओतलेले असल्यामुळे चिरा पडल्यास दुरुस्ती अवघड. पाणी दाबाने भरून चिरा शोधाव्या लागतात. बेअरिंगमध्ये कथिलप्रधान मऊ धातू ओतून, तो तासून, निळ्या शाईने स्पर्शाच्या जागा तपासीत दांडा बसवावा लागतो. मॅग्नेटोची तार नव्याने गुंडाळावी लागते. हे सर्व करता येते, आणि पुणे-मुंबईस व दिल्लीस ते करणारी माणसे आहेत.

अडचण आहे ती कायद्याची आणि बाजाराची. १९४८ साली ग्वाल्हेर, इंदूर इत्यादी संस्थाने मध्य भारतात आणि बुंदेलखंडातील पुष्कळशी विंध्य प्रदेशात विलीन झाली. १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. मोटारखान्यांचा खर्च झेपेनासा होऊन कित्येक मोटारी मिळेल त्या किमतीस गेल्या, पुष्कळशा परदेशीही गेल्या, आणि अखेरीस १९५० पूर्वी बनलेल्या मोटारी व त्यांचे सुटे भाग बाहेर पाठविण्यावर सरकारास निर्बंध घालावे लागले. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन अशा वाहनांस प्रथमच स्वतंत्र दर्जा मिळाला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने वाहन व्हिंटेज म्हणून नोंदविता येते, त्याच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वा व्यापारी वापरास मनाई, मात्र प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन व देखभाल ह्यांसाठी रस्त्यावर आणण्यास मोकळीक. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु तीत अशी अट आहे की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, आणि सांगाडा, अंग किंवा इंजिन ह्यांत फेरबदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. ज्या सांगाड्यावर १९१२ साली एक, १९२६ साली दुसरे व १९३८ साली तिसरे अंग चढले त्याचे मूळ स्वरूप कोणते, ह्याचे उत्तर ह्या अटीत मिळत नाही.

माझ्या मते येथे दोन गोष्टींत स्पष्ट भेद केला पाहिजे. मोटार नित्य सेवेत असताना, तिच्या धन्याच्या गरजेनुसार जे अंग बदलले ते इतिहासाचा भाग. आणि ती सेवेतून निवृत्त झाल्यावर, लिलावात भाव यावा म्हणून जे अंग बदलले ते त्या इतिहासावरचे आक्रमण. विलायतेत व अमेरिकेत हे दुसऱ्या प्रकारचे प्रकरण फार बोकाळले. उघड्या मोटारीस बंद मोटारीपेक्षा अधिक किंमत येते असे दिसताच, सुस्थितीत असलेली बंद अंगे उतरवून त्या सांगाड्यांवर जुन्या नमुन्याची नवी उघडी अंगे बसविण्याचा सपाटा सुरू झाला, आणि ज्या सुतारांनी, शिंप्यांनी ती बंद अंगे घडविली होती त्यांचे काम भंगारात गेले. ह्याची मला खरोखर हळहळ वाटते, कारण छप्पर नसलेल्या मोटारीवरून त्या काळची मिजास कळते, पण माणसे कशी राहत, कशी बसत, कोणापासून काय झाकीत, हे बंद मोटारीच्या आतील बाजूवरूनच कळते.

फ्रान्समधील एक उदाहरण मात्र अनुकरणीय आहे. एत्तोरे बुगाटी ह्यांनी ‘रोयाल’ नावाच्या अवघ्या सहा प्रचंड मोटारी बांधल्या. त्यांपैकी १९३२ साली आर्मां एस्देर नावाच्या कापडव्यापाऱ्यास विकलेल्या मोटारीवर बुगाटींचे पुत्र जाँ ह्यांनी रेखाटलेले दोन आसनांचे उघडे अंग होते, आणि धनी रात्री मोटार हाकीत नसल्यामुळे तिला पुढचे दिवेच नव्हते. पुढे ती दुसऱ्याकडे गेली आणि १९३८ च्या सुमारास पॅरिसच्या बिंदेर पेढीने तिच्यावर बंद अंग चढविले; जाँ बुगाटींचे ते सुंदर अंग नाहीसे झाले. ते पुन्हा पाहावे अशी इच्छा झाली तेव्हा बिंदेरचे अंग उतरविले गेले नाही. मुलूझच्या मोटार-संग्रहालयाने उपलब्ध सुटे भाग व नवे काम मिळून एक निराळीच मोटार तयार केली, आणि ती प्रतिकृती म्हणूनच मांडली.

आपल्याकडे ह्याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण इंदूरचे आहे. यशवंतराव महाराज होळकर (दुसरे) ह्यांनी माणिकबाग राजवाडा जर्मन स्थपती एकार्ट मुथेसियस ह्यांजकडून आधुनिक शैलीत बांधून घेतला, आणि तीच दृष्टी मोटारींच्या निवडीतही ठेवली. त्यांच्या ड्यूझेनबर्गचा सांगाडा अमेरिकेत इंडियानापोलिसला तयार झाला: आठ सिलिंडर, सुमारे सात लिटर, प्रत्येक सिलिंडरास चार झडपा, वर हवा कोंबणारे यंत्र, आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे तीनशे वीस अश्वशक्ती. तो सांगाडा अटलांटिक ओलांडून लंडनला गर्नी नटिंग पेढीकडे गेला व तेथे त्यावर दोघांपुरते लांबलचक उघडे अंग चढले, नारिंगी आणि काळ्या रंगांत. ह्या मोटारीत सांगाडा व अंग एकमेकांसाठी, एकाच धन्याच्या आज्ञेने, एकाच वेळी योजलेले आहेत; अशा मोटारीचे अंग कुजले तरी त्याच लाकडाने, त्याच मापाने, तुकडा तुकडा जोडून तेच राखले पाहिजे. शिकारखान्याकडे वर्ग झालेल्या मोटारीस हा नियम लावता येणार नाही, आणि तिचा नियम हिला लावता येणार नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर फिवा ह्या जुन्या वाहनांच्या महासंघाने मान्य केलेल्या तुरिनच्या सनदेत बदल झालेल्या वाहनाच्या इतिहासाचा आदर राखण्याचे, केलेल्या प्रत्येक कामाचे टिपण ठेवण्याचे व नव्या भागांवर सहज न दिसणारी पण कायमची खूण करण्याचे तत्त्व आहे. आपल्या नोंदणीच्या पद्धतीत ते आणणे मुळीच कठीण नाही, कारण साधने हाताशी आहेत. रोल्स रॉइसच्या जुन्या सांगाड्यांच्या मूळ नोंदी इंग्लंडात पॉलर्सपरी येथील रोल्स रॉइस एन्थुझियास्ट्स क्लबने जतन केल्या आहेत: सांगाड्याचा क्रमांक कळविला असता तो कोणासाठी व कोणत्या पेढीकडे गेला हे कळू शकते. संस्थानांची दप्तरे आता राज्यांच्या अभिलेखागारांत आहेत, आणि खासगी खात्याच्या जमाखर्चात मोटारखान्याचा खर्च वेगळा पडत असल्यामुळे पत्रा, सागवान, रंग, कापड ह्यांच्या रकमांवरून अंग कोणत्या साली बदलले ह्याचा माग काढता येतो. सबब व्हिंटेज नोंदणीच्या अर्जास विम्याचा कागद व जुने नोंदणीपत्र जोडावे लागते, त्याचबरोबर आणखी एक फर्द जोडण्याची तजवीज नियमांत व्हावी: सांगाड्याचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, आजवरच्या प्रत्येक अंगाचा अनुक्रमांक, ते बांधणाऱ्याचे नाव, साल, धनी, त्या विधानाचा पुरावा, आणि शेवटच्या रकान्यात आज बदललेल्या प्रत्येक लाकडाची व पत्र्याची यादी. अशी फर्द समोर असली म्हणजे परीक्षण करणाऱ्या समितीस १९३८ चे अंग आणि २०१८ चे अंग ह्यांत निवाडा करणे अवघड जाणार नाही, आणि मोटारीच्या धन्यासही मूळ स्वरूपाच्या नावाखाली सागवानी खांब लपविण्याचे कारण उरणार नाही.